अळ्यांचं वय

सर, सोलापुरात आज पुन्हा तसाच मे तापलाय. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून मी तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली!

शहात्तरचा उन्हाळा असावा. शवविच्छेदनाचं काम शिकायला मी तुमच्या हाताखाली नवीनच आलेली. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या एका शेतकऱ्याचं प्रेत कोरड्या ओढ्यात सापडलं होतं, डोक्यावर घाव. फौजदार नाकाला रुमाल लावून शवविच्छेदनाच्या खोलीच्या दारातूनच म्हणाले, "आठ दिवस तरी झालेत. वासच सांगतोय की." आठ दिवसांपूर्वी त्याचं धाकट्या भावाशी बांधावरून भांडण झालेलं, आणि तो भाऊ बाहेर बेड्या घालून बसवलेला. मी जखमेतल्या अळ्या मोजपट्टीवर धरल्या, इंग्रजी पुस्तक उघडलं आणि टिपणात आठ दिवस लिहून टाकले.

तुम्ही कागद परत माझ्यासमोर ठेवलात. "हे पुस्तक थंड देशातलं. आपल्या उन्हात माशी पुस्तक बघून वाढते काय? तुम्ही अळी पाहिलीच नाही, फौजदाराचं ऐकलंत." माझे कान तापले. मग तुम्ही बकऱ्याची कलेजी आणवलीत आणि त्याच ओढ्यात, तशाच सावलीत मडक्यात ठेवलीत. घटकाभरात हिरव्या-निळ्या माशा घोंगावायला लागल्या. रोज सकाळ-संध्याकाळ आपण जीपने जातोय, तुम्ही वाकून अळ्या मोजताय, मी लिहून घेतेय. चौथ्या दिवशी मडक्यातली अळी प्रेतावरच्या अळीएवढी भरली. कोष अजून एकही नव्हता. "चार दिवस," तुम्ही म्हणालात, "आठ झाले असते तर आपल्याला कोष मिळाले असते." म्हणजे खून झाला त्या दिवशी धाकटा भाऊ नातेपुत्याला बहिणीकडे होता. पोलिसांनी जाऊन विचारलं, तर सगळी गल्ली साक्षीला उभी राहिली. खरा मारेकरी कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सुटल्यावर धाकटा आपल्याकडे आला. मला वाटलं, पाया पडेल. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "सायेब, म्हंजी मी भांडून गेलो, त्याच्यामागं दादा आनखी चार दिस जिता हुता?" तुम्ही म्हणालात, "होय." "आन् मी तितं रुसून बसलो हुतो." तुम्ही त्याला खुर्चीवर बसवलंत आणि त्याच्याजवळ बसून राहिलात.

तुम्ही गेलात तोही मेच होता. दुपारी तुमच्या सुनेचा फोन आला. सकाळी चहा न घेता पुन्हा झोपलात, म्हणून तिने उठवलं नव्हतं. मी लगेच तुमच्या घरी पोचले. "कधी गेले असतील हो, डॉक्टर?" ती विचारत होती. तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशीची पांढरी अंडी होती. मी तोंड पुसल्यासारखं करून ती पदराने पुसली आणि म्हटलं, "आत्ताच, झोपेत. अर्धा तास झाला असेल."

ती अजून भेटली की तेच सांगते, अर्धा तास आधी उठवायला हवं होतं. खरं तर तास कितीतरी झाले होते. हे मी तिला सांगितलेलं नाही, सर, आणि हा कागदही तिला दाखवणार नाही.