कपितोलिनाबाईंचा पावेल

९ नोव्हेंबर
टीव्हीवरच्या झारांच्या मालिकेत आज एलिझाबेथ झाली. रोज एक गादी, म्हणजे बारा तारखेला झार पावेल! माझ्या घरमालकीणबाई, कपितोलिनाबाई, त्याच्या महालातल्या संग्रहालयात शयनगृहाच्या दाराशी एकतीस वर्षं खुर्चीवर राखणीला बसल्या. आमच्याकडे याला आसनसिद्धी म्हणतात. पीटर्सबर्गात तुटपुंजं पेन्शन.

मालिकावाल्यांनी वसंतात त्यांना दोन तास कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. “मुकुंद गोपाळोविच, जन्मभर मी एकच वाक्य बोलले – हात लावू नका! लोकांना त्याचा फक्त खून हवा असतो. माणूस कसा होता, ते मी सांगितलंय.”

मग हळूच, “कापलं नसेल ना हो?”

१० नोव्हेंबर
तिसरा पीटर. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. हृदय थकलंय, आजच दवाखान्यात चला म्हणाल्या.
“पावेल झाला की येते.”
भाची रिम्मा रडली. “मावशी, टीव्ही तिथेही असतो!”
“तिथल्या बायका नाचगाणी लावतात.”
मी हसलो. म्हटलं, दोनच दिवस, राहू दे.
मीच म्हटलं.

११ नोव्हेंबर
कॅथरीन. शेवटी घोषणा – उद्या भाग दुसरा! बाई भडकल्या. “जिवंतपणी पोटच्या पावेलला मागे ढकललं, आता टीव्हीवरही!”
म्हटलं, स्थितप्रज्ञ व्हा.
“तुमच्या त्या स्थितप्रज्ञाला असली आई नव्हती!”

१२ नोव्हेंबर
कॅथरीन एकदाची वारली. “चला, लेकराचा नंबर लागला,” म्हणाल्या. उद्यासाठी केस कुरळे व्हायला गुंडाळ्या लावल्या. चहा अर्धाच प्यायल्या.

१३ नोव्हेंबर, सकाळ
पहाटे गेल्या. गुंडाळ्या रिम्मानं सोडल्या.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
इथल्या सुतकाच्या रीतीनं घरातले आरसे झाकलेत. टीव्हीवरही चादर – त्याच्या काचेत चेहरा दिसतो म्हणून. चाळीस दिवस.

राहवेना. चादरीखाली हात घालून बटण दाबलं. रिम्मानं खुर्ची ओढली. दोघं चादरीसमोर बसून ऐकत राहिलो. इतिहासकार, कवायती, कट, खून. बाईंचं अक्षर नाही. दोन तासांतलं एकही!

शेवटचं संगीत सुरू झालं. रिम्मा उठली. “निदान ती खोली तरी बघू दे,” म्हणत तिनं चादरीचं टोक धरलं.

आतून, नेहमीच्याच करड्या आवाजात – “हात लावू नका!”

रिम्मानं चादर सोडली.

मालिकावाल्यांनी एवढंच ठेवलं होतं.