चार नंबरचं टेबल

१३ जून १९८३, सोमवार
‘अकुशल’! बावीस बायका. कोणी सात वर्षं, कोणी नऊ वर्षं पंपाच्या मोटारींत तार भरतायत. आणि मॅनेजरच्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे हा एकच शब्द! दातीर त्याचं नाव. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? म्हणे त्यांच्याकडे आयटीआयचा दाखला नाही. मग मला कशाला बोलावलंत? — हसला. ‘मॅडम, शेवटी तुमचंही तेच मत होईल.’

छत्तीस वर्षं सरकारी धंदेशिक्षणात घालवली, इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले, आणि हा माणूस मला माझं मत सांगतो! मुंबईच्या सल्लागार कंपनीनं मला नेमलंय ते कामगारांना काय येतं हे पाहून त्यांची परीक्षा ठरवायला. शिक्का मारायला नाही.

खरी गोष्ट शिपायाकडून कळली. दिवाळीपर्यंत तार गुंडाळायची यंत्रं येणार आहेत. परीक्षेत पास होईल तिला यंत्रावर घेणार. नापास होईल ती घरी.

१७ जून
आज दिवसभर स्टूल टाकून बसले. बायका जोडीनं काम करतात. एक तार सोडते, दोन बोटांत धरून ताण सांभाळते. दुसरी वेटोळं मोटारीच्या खाचांत बसवते. एक शब्द बोलत नाहीत. एकीनं मान जराशी हलवली की दुसरी तार ढिली करते. ताण कमी पडला तर वेटोळं फुगतं, जास्त झाला तर तारेवरचं इनॅमल खरवडतं आणि मोटार जळते.

सगळ्यांत चांगली जोडी भिमाबाई आणि गोजराबाई. भिमाबाई विहारामागच्या कॉलनीतली. गोजराबाई मखमलाबादच्या माळ्यांची, घरची फुलं तोडून मग कामावर येते. इतकं कसं जमतं म्हटलं, तर भिमाबाई म्हणाली, ‘बाई, नवऱ्याशी नाय जमलं, हिच्याशी जमलं. ही कमी बोलती.’ गोजराबाई खरंच काही बोलली नाही.

२२ जून
मुंबईहून सल्लागार कंपनीचे कर्णिक आले. पस्तिशीचे, गुळगुळीत दाढीचे. त्यांच्या हट्टानं एकेकीला वेगळं बसवून सराव परीक्षा घेतली. सत्यानाश! एका हातानं ताण, दुसऱ्यानं भरणं — बावीसपैकी तिघींना जमलं. भिमाबाईची तार दोनदा तुटली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तोडली!

मी कर्णिकांना म्हटलं, कौशल्य जोडीत आहे, परीक्षाही जोडीचीच घ्या. ते म्हणाले, दाखला एका माणसाला असतो. मी म्हटलं, मग बॅडमिंटनची दुहेरी स्पर्धा बंद करा. आवडलं नाही. विचार करू म्हणाले. वर नियम वाचून दाखवले मलाच: एकदा घेतलेली परीक्षा बदलणार नाही. फेरपरीक्षा फक्त परीक्षकाकडून साहित्यात चूक झाली तर. मी म्हटलं, ती कलमं तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडून चूक होत नाही.

२६ जून, रविवार
क्रिकेटमुळे गाव वेडं झालंय. मला तारेशिवाय काही सुचत नाही.

२८ जून
दातीरनं जोडीची परीक्षा कबूल केली! लगेच. चहासुद्धा मागवला. मला चहा गोड लागला नाही.

१ जुलै
कळलं चहा का मागवला ते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवणार! ‘कौशल्य आहे ना मॅडम? मग कोणाहीबरोबर दिसेल.’ माझ्यासमोर डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. सात नंबर भिमाबाईचा, तिच्यासमोर एकोणीस — सुलाबाई. दोघींनी एकत्र कधी तार धरलेली नाही. गोजराबाई तिसरीकडेच. मी भांडले. कर्णिकांना फोन केला. ‘निःपक्षपाती पद्धत वाटते,’ म्हणाले.

निःपक्षपाती! याला सगळ्या नापास हव्यात, आणि त्या माझ्या परीक्षेत नापास व्हायला हव्यात.

बाहेर बायका उभ्या होत्या. मी मान खाली घातली. भिमाबाईनं जवळ येऊन फक्त एवढंच विचारलं, ‘नंबर छातीवर लावायचा का बाई?’ हो म्हटलं. पत्र्याचा बिल्ला. ‘बरं,’ म्हणाली आणि गेली.

४ जुलै, सोमवार
परीक्षा झाली.

अकरा टेबलं. निळे एप्रन, डोक्याला रुमाल. दातीर पुढून मागे फिरत, कागदावरचे नंबर आणि छातीवरचे नंबर ताडून पाहत होता. सगळे बरोबर. मी मागून निघाले. चौथ्या टेबलावर सात आणि एकोणीस — पण ते बिल्ले लावून बसल्या होत्या नवसाबाई आणि तिची नेहमीची जोडीदारीण शकुबाई! भिमाबाई नवव्या टेबलावर, समोर गोजराबाई. प्रत्येक टेबलावर हेच. बिल्ले चिठ्ठ्यांप्रमाणे, बायका आपापल्या जोडीनं.

नऊ वर्षं हा माणूस यांना ‘ए बाई’ म्हणून हाक मारतो. एकीचंही तोंड त्याला ओळखता आलं नाही!

एक मुलगा दुसऱ्याच्या नंबरावर परीक्षेला बसला म्हणून मी एकदा एका शाळेचा अख्खा वर्ग रद्द केला होता. आज घंटा वाजवली आणि म्हटलं, सुरू करा.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस कधीच म्हणाल्या नसत्या.

५ जुलै
मोटारी चालवून पाहिल्या. दहा टेबलं पास. दातीरचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चौथ्या टेबलाची मोटार घूं घूं करून बसली आणि धूर निघाला.

चौथं टेबल. सात आणि एकोणीस. म्हणजे कागदावर नापास झाल्या भिमाबाई आणि सुलाबाई!

संध्याकाळी दारात भिमाबाई आणि नवसाबाई. नवसाबाईनं उजवा हात पुढे केला. पहिल्या बोटाला नखुरडं, टोमॅटोसारखं सुजलेलं. ताण धरवत नव्हता, कोणाला सांगितलं नाही. ‘बाई, नापास मी हाय. माझं नाव लिवा. हिचं खोडा.’

‘गप,’ भिमाबाई म्हणाली. ‘तुझं नाव लिवलं तर बिल्ले बदलले ते बी लिवावं लागंल. मंग बावीस जणी घरी.’ मग माझ्याकडे वळली. ‘बिल्ल्याची अक्कल माझी व्हती. मी जाते. सुलीला मी समजावते. बाई, तुमी काय बी पाहिलं नाय.’

मी तिला म्हटलं, तू मला काय पाहायचं ते शिकवू नकोस. चहा केला. कोणी प्यालं नाही. जाताना नवसाबाई उंबऱ्याशी नुसती उभी राहिली. भिमाबाईनंच तिला दंडाला धरून नेलं.

६ जुलै
निकालाचा कागद टेबलावर. दातीरचा माणूस दोनदा येऊन गेला. उद्या सकाळी मुंबईला जायला हवा. सही न केल्यास परीक्षाच रद्द. खरं लिहिल्यास तेच. आणि सही केल्यास कारखान्यातला सगळ्यांत चांगला हात माझ्या सहीनं नापास.

जेवले नाही. स्वतःचा इतका राग पूर्वी आल्याचं आठवत नाही. मग जळलेली मोटार आठवली. त्या कोळसा झालेल्या तारेची जाडी आता कोण मोजणार?

७ जुलै
कर्णिकांना लिहून दिलं: चौथ्या टेबलावर ठरल्यापेक्षा बारीक तार ठेवली गेली. चूक परीक्षकाची. सात व एकोणीस यांची फेरपरीक्षा घ्यावी, परीक्षक दुसरा नेमावा.

सातचा बिल्ला भिमाबाई लावेल. एकोणीसचा कोण लावतं ते पाहायला मी तिथे नसेन.

सही केली. छत्तीस वर्षांतली माझी पहिली चूक. तीही मी केलेली नाही.