नसलेल्या मजल्याचे आभार

ता. ४ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मास्तरांचं विचारतेस, तर जीभ पूर्ववत झाली आहे, पाय झालेला नाही. उलट झालं असतं तर घरात शांतता नांदली असती. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं पोरांना कवायत शिकवलेला माणूस, आता पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्याच डाव्या पायाला हुकूम सोडतो. पाय ढिम्म. काल मास्तर त्याला म्हणाले, उद्यापासून पालकांना घेऊन ये.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की पक्षाघातानंतर पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं, पुढचं देवाच्या मर्जीचं. दोन महिने गेले. जाणत्या हातांकडून रोज व्यायाम करून घ्यायला हवा. मोठं इस्पितळ दोन बस बदलून. आठवड्यातून एकदा कशीबशी नेते, आणि येताना ते इतके दमतात की कमावलेलं सगळं बसमध्येच सांडतं. इकडे गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांचा ढीग माझ्याकडे बघून दात विचकतो.

आणि आमच्या गल्लीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यावर पाटी आहे, 'व्यायामोपचार विभाग, पहिला मजला'. मी आनंदाने धावले. ताई, त्या दवाखान्याला पहिला मजला नाही. तळमजला आहे, त्यावर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, आणि टाकीवर एक कावळा. जिनासुद्धा नाही. कंपाउंडरला विचारलं तर तो कीव येऊन म्हणाला की नवीन माणसं विचारतातच, मग सवय होते.

मी माहितीचा अर्ज टाकला. मजला कधी बांधला, किती खर्चात, आणि आता तो कुठे असतो. महिन्याने उत्तर आलं: 'सदर माहिती मागितलेल्या स्वरूपात संकलित नसल्याने ती पुरविणे प्रस्तुत कार्यालयास शक्य नाही.' तू त्याच कार्यालयात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालीस. हे वाक्य कोणाच्या डोक्यातून निघालं तेवढं कळव. त्याच्या तोंडाला मी काजाचा पक्का टाका घालणार आहे.

माया आहेच, ती अशीच धुऊन-वाळवून वापरात ठेव.

तुझी,
ठकी


ता. १२ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

टाका माझ्या तोंडाला घालावा लागेल. ते वाक्य माझं आहे. एका गृहस्थाने गटारांची यादी मागितली होती, तेव्हा केलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. मी निवृत्त झाले, वाक्य अजून नोकरीत आहे.

आता रागावून झालं असेल तर ऐक. आमच्याकडे प्रश्न आला की तो ढिगाच्या तळाशी जातो. तक्रार आली की ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याचकडे अभिप्रायासाठी जाते, आणि तो माणूस स्वतःबद्दल चांगलाच अभिप्राय देतो. पण आभाराचं पत्र आलं तर? त्यासाठी कप्पाच नाही, कारण ते कधी येत नाही. मग गोंधळून ते थेट साहेबांपुढे ठेवतात. साहेब तीनदा वाचतात, चहा मागवतात, आणि पत्र पाठवणाऱ्याला त्याच दिवशी सविस्तर उत्तर द्या, सोबत कागदपत्रं जोडा असं फर्मावतात. नागरिकाला आणखी आभार मानावेसे वाटले तर सोय असावी म्हणून.

तेव्हा तू मजल्याचे आभार मान. टोमणा मारू नकोस, जीभ सुयांच्या डबीत ठेव. खिडक्यांतून वारा छान येतो असं लिही. साहेबांना वाऱ्याचं कौतुक आहे.

मास्तरांना म्हणावं, पायाला ओरडू नये. सरकारी नोकरासारखं वागवावं. गोड बोलून, पुन्हापुन्हा आठवण करून.

माझा जीव तुमच्याकडे आहे, शरीर तेवढं इथल्या खोलीत.

ताई


ता. ९ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती फळली. मी लिहिलं की या मजल्यामुळे माझ्या पतीच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली, वारा फार छान येतो, आणि जिना चढताना आपली आठवण येते. नवव्या दिवशी साहेबांच्या सहीचं उत्तर. मजला सुस्थितीत व वापरात असल्याचं नागरिकांकडून समजून समाधान वाटलं. सोबत इमारत पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राची प्रत, आणि दर दोन वर्षांनी मजला रंगवल्याची नोंद. फिकट पिवळा रंग आहे म्हणे.

प्रमाणपत्रावर पाहणी समितीच्या तीन सह्या आहेत. पहिली इंजिनियरची. दुसरी डॉक्टरची. तिसरी मला वाचावी लागली नाही. बाबांना दिसत नव्हतं म्हणून माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं तूच सही करायचीस. शेवटच्या अक्षराची ती शेपटी मी झोपेतही ओळखीन. शेजारी तुझ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'प्रत्यक्ष पाहणी केली. जिना प्रशस्त आहे.'

मास्तरांनी कागद माझ्याआधी पाहिला. चहा कर म्हणाले. मग चहा तसाच ठेवला.

मी चौकशी केली. इंजिनियर परदेशात मुलाकडे असतात, डॉक्टर वारले. म्हणजे तक्रार केली तर सापडणारी एकटी तू. तुझं पेन्शन म्हणजे तुझं सगळं, हे मला माहीत आहे. आणि इथे मास्तरांचा तिसरा महिना संपला. मी तुझी बहीण म्हणून विचारू की त्यांची बायको म्हणून, ते मला ठरवता येत नाही. तूच सांग काय करू.

नमस्कार करते. सवयीने.

ठकी


ता. २४ जुलै

चि. ठकीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. आशीर्वाद.

दोन आठवडे गप्प होते कारण चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी साहेबांना दोष दिला, दुसऱ्यात नशिबाला, तिसऱ्यात जीपला. चौथं बरं होतं, पण त्यात मी रडत होते, आणि रडणाऱ्या हेडक्लार्कवर कोणी विश्वास ठेवू नये.

झालं ते असं. पाहणीला जायची जीप साहेबांच्या घरचं सामान हलवायला गेली होती. जेवणाच्या सुट्टीत तो कागद माझ्या टेबलावर आला. डबा उघडलेला होता. दोन सह्या आधीच झालेल्या. मोठ्या माणसांनी केल्यात म्हणजे पाहिलं असेल, असं मी धरून चालले, आणि तेही माझ्याबद्दल तसंच धरून चालले असतील. 'शेरा' नावाचा रकाना रिकामा होता. तू मला ओळखतेस, रिकामा रकाना मला बघवत नाही. मी जिना प्रशस्त करून टाकला.

ठके, मला कोणी एक पैसा दिला नाही. दिला असता तर तुला मला नीट शिव्या तरी देता आल्या असत्या. मी फुकट खोटं लिहिलं, डाव्या हाताने पोळी धरून.

सोबत तक्रारीचा मसुदा आहे. प्रमाणपत्रावर खोटी सही करणाऱ्यांत पहिलं नाव माझं घातलं आहे. साहेबांचं आभाराचं उत्तर त्याला जोड. मजला वापरात आहे असं त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे, तेव्हा कोणत्याही काचेखालचं वाक्य इथे चालणार नाही. जिल्ह्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पाठव, आमच्या कार्यालयात नको. पेन्शनचा विचार करू नकोस. तो मी केला आहे आणि तो करून मला झोप लागते.

तुझी, तू म्हणशील तर,
ताई


ता. ८ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा मसुदा मी आठ दिवस मशीनच्या खणात ठेवला. रागाच्या भरात एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ती म्हणाली, उजवा हात कुठे ठेवू. मी म्हटलं, कमरेवर ठेव आणि भांड.

शेवटी मास्तरच भडकले. मैदानावरचा आवाज काढून म्हणाले की रांगेत चुकलेलीने स्वतःहून हात वर केला आणि शेजारणीने तो खाली दाबला, तर दोघींना रांगेबाहेर काढतो मी. मग हळूच म्हणाले, ताईंना हे करू दे, नाहीतर त्या मला तोंड दाखवणार नाहीत, आणि बुद्धिबळात हरवायला मला दुसरं कोणी नाही.

काल तक्रार पाठवली. दवाखान्याच्या रांगेतल्या बायकांच्या तेवीस सह्या आहेत. प्रत्येकीला मी सांगितलं की आधी बाहेर जाऊन वर बघून ये, मगच सही कर. सगळ्या गेल्या. भाजीवालीची तर मान दुखते, तरी ती दोनदा बघून आली, म्हणाली, एवढ्याशा गोष्टीला सरकारला माणूस मिळाला नाही होय. मी पेन पुढच्या बाईच्या हातात दिलं.

अजून रागावलेली आहे. पण तुझी काळजी वाटते, म्हणजे राग उतरणीला लागला असावा. गोळ्या वेळेवर घे.

ठकी


ता. ३ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मी गेल्या आठवड्यात तुमच्या गल्लीत होते आणि तुम्ही दोघं मोठ्या इस्पितळात. कुलूप बघून परतले. आज निकाल हाती आला, म्हणून हे पत्र.

चौकशी अधिकारी म्हणून आला तो माझ्याच हाताखाली शिकलेला. फायलीला दोरा ओवायला मी शिकवलं होतं त्याला. त्याने दार लावलं, खुर्ची दिली आणि आपुलकीने सुचवलं की बाई, जुनी शाई आहे, तुमचं वय झालं आहे, सही ओळखता येत नाही एवढं लिहून द्या, पेन्शनही सुरक्षित आणि फाईलही बंद. खरं सांगते, क्षणभर ती खुर्ची मला फार मऊ लागली. मग मी त्याच्या टिपकागदावर पाच वेळा सही करून दाखवली. शेपटीसकट.

त्याने डोकं धरलं. म्हणाला, आता प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल आणि आज जीप नाही. मी म्हटलं, फाटकाशी रिक्षा उभी करून आले आहे.

दवाखान्यापुढे तो बराच वेळ मान वर करून उभा होता. तुझ्या रांगेतल्या बायका भोवती जमल्या. भाजीवालीने त्याला नीट दिसावं म्हणून बाजूला सरकायला सांगितलं. शेवटी त्याने कागद काढला आणि शेऱ्यात काय लिहू म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, दिसतंय ते लिही. त्याने लिहिलं, 'मजला नाही. जिना नाही.' खाली सही केली. त्याखाली मी केली.

निकाल असा. साहेबांची बदली झाली, रिवाजाप्रमाणे बढतीवर. मजला केव्हा होईल ते विचारू नकोस. पण तोवर तळमजल्यावरची भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी कुलूप लावून ठेवलेली सोफ्याची खोली व्यायामोपचाराला द्यायचा आदेश निघाला आहे. सोमवारपासून शिकलेली बाई रोज सकाळी येणार. मास्तरांचा एक महिना उरला आहे. एक महिना थोडा नाही.

माझं अर्धं पेन्शन माझ्यावरची चौकशी संपेपर्यंत रोखलं आहे. अर्ध्यात ही खोली परवडत नाही, तेव्हा मी रविवारी दोन ट्रंका घेऊन येते. तुझ्याकडे दीड खोली आहे हे मला माहीत आहे, मी मशीनशेजारी झोपेन. रोज मास्तरांना दवाखान्यात मी नेईन, तू ब्लाउज शिव. वाटेत त्यांनी मला डावा-उजवा ओरडावं, माझी तक्रार नाही.

लोभ असावा असं दरवेळी लिहायची पद्धत आहे. या खेपेला ते लिहीत नाही. आहे की नाही ते रविवारी येऊन बघते, मग लिहू.

ताई