भोंग्यातली ताई

हॉलीवूड, २० जानेवारी १९३५

ती. देझ्योदादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ताईला जाऊन दीड महिना झाला. आईचं काळीज दुबळं म्हणून तिला काही कळवायचं नाही असं तू म्हणतोस. ठीक आहे, नाही कळवत.

इथे गाणी आधी बंद खोलीत गाऊन घेतात आणि चित्रीकरणाच्या वेळी भोंग्यातून लावतात. नटी नुसते ओठ हलवते. आमच्या नायिकेला सूर धरता येत नाही, म्हणून तिची गाणी अरांकाताईने नोव्हेंबरातच गाऊन ठेवली होती. आज मी नायिकेच्या झग्याची किनार टाचत खाली बसले होते आणि भोंग्यातून ताई गायला लागली. आपल्या सेगेदच्या नाटकगृहातल्या संगीतिकेतलं तेच गाणं. नायिकेचं पाऊल चुकत गेलं, म्हणून ताई अकरा वेळा गायली. दर वेळी गाणं संपलं की मी मागे वळून बघायचे. दादा, मला भीती वाटते.

ताईच्या नावाने मी लिहिलेलं पत्र सोबत आहे. आईला वाचून दाखव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी एतेल्का

सेगेद, ११ फेब्रुवारी १९३५

चि. एतेल्का हीस अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं. आईला आता माणसांच्या सावल्याच दिसतात, तेव्हा अक्षर कुणाचं हा प्रश्न नाही. पण तू ताईला फारच गुणी केलंस. माझ्या ढेरीवर एकही टोमणा नाही! आई म्हणाली, अरांका परदेशात जाऊन बरीच निवळली. पुढच्या वेळी मला दोन शिव्या घाल.

तिने सिनेमाचा ध्यास घेतला आहे. शेजारच्या योलानबाईंना सांगून ठेवलंय, की दिसलं नाही तरी पोरीला ऐकेन. डॉक्टर म्हणतात, ताईचं तिला उन्हाळ्यानंतर सांगू.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
देझ्यो

हॉलीवूड, २ सप्टेंबर १९३५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

चित्रपट काल आम्हा कामगारांना दाखवला. शेवटचं गाणं ताईने तापात गायलं होतं. वरच्या सुराआधी ती एक श्वास जास्तीचा घेते. इथे कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण आम्हा दोघींना श्वास धरायला आईनेच शिकवलंय. तिला नेऊ नकोस. काय वाटेल ती थाप मार.

पत्रं मी आणखी शंभर लिहीन, आता हात बसलाय. फक्त 'एतेल्का मजेत आहे' असं लिहिते तेव्हा ती कोण, हे मला आठवावं लागतं.

आठवण ठेव.
एतेल्का

सेगेद, २४ नोव्हेंबर १९३५

चि. एतेल्का हीस अ. उ. आ.

परवा मी गिरणीवर असताना आई योलानबाईंबरोबर सिनेमाला जाऊन आली. मी घरी पोचलो तर अंगातला कोटही न काढता बसलेली. मला वाटलं, तुझं नवं पत्र वाचून दाखवलं की खुलेल. तिने कागदावर हात ठेवला.

"राहू दे. शेवटच्या गाण्यात तिला श्वास पुरत नव्हता. माझी पोर कधी गेली, तेवढं सांग."

सांगितलं. मग पत्रं कोण लिहीत होतं, ते तिने विचारलं. तेही सांगितलं. तोवर ती रडली नव्हती. तुझं नाव ऐकलं आणि मग तिला आवरेना. ती ठीक आहे, काळजी करू नकोस. खालचा मजकूर तिचा आहे, मी फक्त उतरवतोय.

एतेल्का, वर्षभर तू तिथे एकटी आहेस आणि मला कुणी सांगितलं नाही. वर्षभरात मला तुझं एकही पत्र नाही. ताईचं आता काही लिहू नकोस. तू आज काय जेवलीस, ते लिही.

तुझी आई