याम्योत्तर

मालवण, २२ मार्च १९५९

मला मत्सर वाटला, म्हणून लिहिते आहे.

जेवायला बोलवायला किनाऱ्यावर गेले, तर बोटीवरून निवृत्त झालेले आमचे हे शाळेतल्या नव्या भूगोल शिक्षिकेला, शालिनीला, सूर्याची उंची मोजायला शिकवत होते. सेक्स्टंट तिच्या हातात, तिचं कोपर यांच्या हातात. घड्याळात पाऊण वाजत आलेला. इथला खरा मध्यान्ह तेव्हाच.

“सूर्य चढायचो थांबलो की समज, मेरिडियनवर इलो.”

“काका, मेरिडियनाक मराठीत काय म्हणतत?”

“माका खंय ठावक? बोटीवर कोण मराठी बोलता?”

“याम्योत्तर,” मी मागून म्हटलं. “याम्य म्हणजे दक्षिण. दक्षिणोत्तर जाणारं वृत्त. आणि कोपर सोडा आता, ती पडत नाही.”

शालिनी लाजली. हे हसले. मला हसू आलं नाही.

गणित घेऊन बी. ए. झाले मी. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने ते यंत्र एकदाही माझ्या हातात दिलं नाही. आणि तिचं कोपर! मी कधी मागितलं होतं का? नाही. पण मागायचं कशाला?

संध्याकाळी विचारलंच. म्हणाले, “तुका सगळा येता, असा वाटला माका.”

उद्या दुपारी मी बघणार. सेक्स्टंट त्यांनी माझ्या हवाली केला, पेटीच्या किल्लीसकट.