उणे एकवीसचा दाखला

रस्त्याचा कॅम्प, लेहच्या पुढे
ता. १९ जानेवारी १९७५

ती. कस्तुराताईस,
भीमराजचा सविनय जयभीम. वि. वि.

माझी तब्येत ठणठणीत आहे, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तू एकटीच वाच.

माझ्या गाडीवर नोरबू नावाचा इथलाच मजूर असायचा. माझ्याहून लहान, हसरा. माझ्याकडून ‘बास’ हा शब्द शिकला होता आणि दिवसभर सगळ्यांना ऐकवायचा. बुधवारी सकाळी दरड निसटून त्याची मांडी चिरडली. डॉक्टर तीस किलोमीटरवर. बर्फामुळे माझी गाडी आठ दिवस जागची हलली नव्हती, तरी इंजिन फिरलं, म्हणून ऑइल पातळ करायला इंजिनाला खालून जाळ न देताच निघालो. चार किलोमीटरवर इंजिन जाम झालं. दुसरी गाडी येईपर्यंत नोरबू गेला.

इंजिन उघडलं तर तळाशी ऑइल तुपासारखं थिजलेलं. साहेबांचं म्हणणं, मी ऑइल न बघताच गाडी काढली. चौकशी बसली आहे. ताई, मी ऑइल मोजायची काडी काढून पाहिली होती, ऑइल पुरेपूर होतं. डब्यावर तुमच्याच कंपनीचं नाव आहे, बॅच ११८. सोबतच्या दाखल्यावर लिहिलंय की ते उणे एकवीसपर्यंत वाहतं. त्या सकाळी उणे सोळा होतं. मग ते थिजलं कसं?

आईला सांभाळ. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा भीमराज

चिंचवड स्टेशन
ता. ४ फेब्रुवारी १९७५

चि. भीमराज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईला मी सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. तिनं नोरबूच्या घरी कोण कोण आहे ते विचारलं आणि संध्याकाळी विहारात जाऊन बसली.

कंपनीत गेल्यावर बॅच ११८चा दाखला काढला. खाली सही माझी आहे, भीमा. हे मला आधी लिहायला हवं.

आम्ही काचेच्या नळीत ऑइल घेतो, कोरड्या बर्फात गार करत जातो आणि दर तीन अंशांनी नळी तिरपी करून बघतो. ऑइल हलायचं थांबलं, की त्याच्या तीन अंश वरचा आकडा दाखल्यावर जातो. ११८चा उणे एकवीस आला, तो मीच डोळ्यांनी पाहिला. आकडा खोटा नाही. पण ही सगळी तपासणी दोनेक तासांत उरकते. तुझी गाडी आठ दिवस थंडीत उभी होती. मला झोप लागत नाही ती याच विचाराने.

त्या आठ दिवसांचं सकाळ-दुपार-रात्रीचं तापमान कुणी लिहून ठेवलं असेल तर पाठव. आणखी एक विचारते. रागावून नाही, मला खरं कळायला हवं म्हणून. इंजिन चालू झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा वर गेला होता का, म्हणजे ऑइल फिरत होतं का?

हातमोजे पाठवले आहेत, आईने विणलेत. एक बोट लांब झालंय, तक्रार करायची नाही.
वाट बघणारी,
ताई

कॅम्प
ता. २१ फेब्रुवारी १९७५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

कंपाउंडरच्या वहीतून तापमान उतरवून सोबत जोडलंय. रात्री उणे अठरा, दुपारी उणे चारपर्यंत वर, पुन्हा रात्री खाली. आठही दिवस असंच.

काटा वर गेला नव्हता. शून्यावरच होता. थंडीत तो पुष्कळदा अडकतो, म्हणून अडकला असेल असं मी मनाला समजावलं. नोरबू कण्हत होता आणि मला थांबायचं नव्हतं. थांबून जाळ दिला असता तर अर्धा तास गेला असता, पण गाडी पोहोचली असती. हे चौकशीत मी बोललेलो नाही. तुलाच पहिल्यांदा लिहितोय.

आता तुला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटो, पत्र मात्र टाक.
भीमराज

चिंचवड स्टेशन
ता. १८ मार्च १९७५

चि. भीमराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बॅच ११८चा राखून ठेवलेला नमुना काढला आणि तुझ्या कागदाबरहुकूम त्याला आठ दिवस थंडीत ठेवलं. रात्री उणे अठरा, दुपारी उणे चार. तिन्ही शिफ्टच्या लोकांनी बर्फ बदलला. मी कुणालाच कारण सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं होतं. नवव्या सकाळी उणे सोळाला नळी आडवी केली. ऑइल जराही हललं नाही. पटकन गार केलं तर वाहणारं तेच ऑइल, असं रोज थोडं तापून थोडं गारठत गेलं की आतलं मेण जाळं धरतं. सोबत दुसरी नळीही लावली होती, तीही तशीच.

अर्जुनराव आमचे मुख्य केमिस्ट. त्यांनी दोन्ही नळ्या बघितल्या. मग म्हणाले, बाई, आपण पुस्तकाप्रमाणे तपासणी केली, आपलं काम तिथं संपलं. हे बाहेर गेलं तर कंपनीचं नाव जाईल आणि तुमची नोकरीही. मी म्हटलं, दाखल्यावर सही करताना मी माणसाला शब्द दिला होता, पुस्तकाला नाही. आकडे माझ्या सहीनं तुझ्या साहेबांकडे रजिस्टरने पाठवले. दुसऱ्या दिवशी माझी बदली पॅकिंगला झाली. डब्यांना लेबलं लावते. पण अर्जुनरावांनी ११८चे उरलेले डबे परत मागवायला लावलेत, तेही वरच्यांशी भांडून. त्यांच्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

माझं मी सांगितलं. काट्याचं तुझं तू सांग. ते मी माझ्या पत्रात लिहिलेलं नाही.
पाठीशी असलेली,
ताई

कॅम्प
ता. ११ एप्रिल १९७५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

चौकशी संपली. तुझे आकडे साहेबांनी दोनदा वाचले आणि दोष ऑइलचा ठरवला. माझी सुटका झाली असं ते म्हणाले, तेव्हा मी काट्याचं सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मला वर्षभर गाडी मिळणार नाही. फावडं घेऊन रस्त्यावर आहे. जयंतीलाही सुट्टी नाही.

रविवारी नोरबूच्या गावी गेलो. घरात त्याची आई एकटीच. दुभाष्याला घेऊन मी तिला सगळं सांगितलं, ऑइलचं, काट्याचं, मी न थांबल्याचं. ती ऐकत राहिली. ऑइलबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, की शेवटी तो एकटा होता का. मी सांगितलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझा हात त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. तिनं माझा तोच हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि मला चुलीजवळ सरकून बसायला सांगितलं.

आईला हे पूर्ण वाचून दाखव.
तुझा,
भीमराज