बाकावरचे नऊ

दि. ३ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर लशीचा विषय काढला की तुझ्याकडची रेंज जाते, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक येतं. पत्राला ती सोय नाही. कापायचंच असेल तर तुझी शिंप्याची कात्री आण.

म्हाताऱ्या माणसांना लस सुरू होऊन महिना झाला. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोन जिने चढले की धापा टाकतात, आणि तुझं उत्तर एकच, बघू. काय बघणार आहेस, कापडाचा पोत?

मागच्या वेळी म्हणालास की लशीत नक्की काय असतं ते कुणी सांगत नाही. पाच वर्षांचा असताना तात्यांच्या कोटाची गुंडी गिळलीस, म्हणून तर हे नाव पडलं. तेव्हा विचारलं होतंस, तिच्यात काय आहे म्हणून? गेल्या वर्षी गुडघा दुखला तर बसस्टँडवरच्या कुणा माणसाकडून काळी पूड आणून दुधातून घेतलीस. पुडीवर नावसुद्धा नव्हतं. पण हजारो माणसांवर तपासलेली, थंड पेटीतून आलेली, तीस वर्षं सुया टोचणाऱ्या सख्ख्या बहिणीनं सांगितलेली लस म्हटली की स्वारीची चिकित्सा सुरू.

माझं बरं चाललं आहे. आजूबाजूची पाच केंद्रं माझ्याकडे दिली आहेत, त्यात तुमचंही आलं. एका बाटलीत दहा डोस, आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेलं फेकायचं. लोक असे की तिघं येणार आणि बाकीचे लांबून मजा बघणार. म्हणून मी नियम टाइप करून पाचही भिंतींवर लावला, की दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही. महिन्याभरात एक थेंब वाया गेलेला नाही. वरचे साहेब सगळ्यांना सांगतात, बाईंकडून शिका. ते स्वतः काय शिकणार, बाटली कुठून उघडतात हेही त्यांना ठाऊक नाही.

ती. तात्यांना सा. न., सौ.ला आशीर्वाद. लोभ आहेच, सोबत थोडी लाजही असू दे.

तुझी आक्का


दि. ९ मार्च

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र गिऱ्हाइकासमोर फोडलं ही माझी चूक. त्याला आता गुंडीची गोष्ट माहीत झाली आहे, म्हणजे उद्या सगळ्या गल्लीला होईल.

आम्ही मूर्ख, कबूल. पण तुमच्या खात्याचं शहाणपणही ऐक. रोज दुपारी कर्णा लावलेली रिक्षा येते. त्यातून जी घरघर बाहेर पडते ती ऐकून शेजारची बाई मोडीत द्यायची भांडी घेऊन धावली. मग एक साहेब आले. तोंडावर दोन मास्क, हातात मोजे. गाडीतून उतरले नाहीत, काच चार बोटं खाली केली आणि म्हणाले की अजिबात घाबरू नका. काच वर आणि साहेब पसार.

समोरचा न्हावी सांगतो की लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो. दहा वर्षं मी त्याच्याकडे जातो, त्याला माझे दोन कल्ले एकदाही सारखे जमले नाहीत, तरी हे मात्र मनात बसलं आहे. तात्यांचं म्हणणं, ते घड्याळजी पडले, की चालतं घड्याळ उगाच उघडू नये. पण आक्का म्हणते तर घेऊ, असंही म्हणतात. माझंच पाऊल पुढं पडत नाही. लस दिली आणि त्यांना काही झालं, तर तू मला सोडणार आहेस का?

तिकडे जपून राहा. लोभ आहे तसाच असावा, शिव्या थोड्या कमी चालतील.

तुझा गुंड्या


दि. १४ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

ज्याला कल्ले सारखे करता येत नाहीत त्याच्या भरवशावर बापाला ठेवलंस. शाब्बास. त्या न्हाव्याला माझा निरोप सांग की दोन वर्षं तरी मिळतात म्हणतोयस, ही साथ दोन आठवड्यांत उरकते.

आता थट्टा पुरे. काल आमच्याकडे तात्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आले. नळीतून श्वास चालला होता. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं की आता लस दिली तर चालेल का. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. गुंड्या, मला तात्या हवे आहेत. लस देऊन काही झालं तर, असं विचारतोस. न देता काही झालं तर काय करशील, हे एकदा विचार.

तुमचं केंद्र मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. घेऊन जा त्यांना. पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना देतात, तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या बाळानंही बाही वर करावी.

वाट बघते. लोभ वाढवायचा की नाही ते मंगळवारनंतर ठरवीन.

तुझी आक्का


दि. १७ मार्च

ती. आक्कास सा. न. वि. वि.

नेलं एकदाचं. तात्या सकाळी आठलाच दाढी करून तयार. त्यांच्यासाठी मी खास सदरा शिवला, डाव्या बाहीला खांद्यापासून गुंड्या, म्हणजे चारचौघांत सदरा काढायला नको. तुझ्या सिस्टरबाई त्या बाहीवर फार खूश झाल्या.

पण टोचलं नाही. बाकावर नऊच माणसं जमली. दहापासून दीडपर्यंत बसून होते सगळे. सिस्टरबाईंनी दोनदा रस्त्यावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना हाका मारल्या, कुणी फिरकेना. शेवटी भिंतीवरच्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या की माझ्या हातात नाही. तेवढ्यात तात्या उठले, चष्मा लावून कागद वाचला आणि खालच्या सहीवर बोट ठेवून सगळ्यांना सांगितलं की ही माझी मुलगी. घरी येईपर्यंत तोच विषय. रागावले मुळीच नाहीत. नियम म्हणजे नियम, म्हणाले.

शुक्रवारी परत नेतो. लोभ असावा.

तुझा गुंड्या


दि. २१ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

नऊ! तुम्ही दोघं धरून नऊ, म्हणजे बाकीच्या गावातून सातच निघाले. आणि दहावा कुठं दडला होता? सापडला तर मी स्वतः येऊन त्याच्या दोन्ही दंडांत टोचीन. असली माणसं मी पुरती ओळखते. दाराशी घुटमळतात, दुसऱ्याला पुढं करतात, त्याला काही होत नाही ना ते बघतात आणि मग येतात. भित्रे ते भित्रे, वर शहाणे.

सिस्टरनं केलं ते बरोबर केलं. मीच तयार केलेली मुलगी आहे ती. आज नऊसाठी उघडली की उद्या सहांसाठी उघडायची, परवा दोघांसाठी. तात्यांना कळलं ते तुम्हा कुणाला कळत नाही.

शुक्रवारी साठा आलाच नाही, पुढंही वरून कमी येणार असं ऐकते. पुढच्या खेपेला लवकर जा, आणि वाटेत दिसेल त्याची मानगूट धरून ने. लोभ शाबूत आहे.

तुझी आक्का


दि. १२ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. तीन आठवडे केंद्राला कुलूप होतं, साठा नाही अशी पाटी. मग तात्यांना ताप, मग ऑक्सिजन. हे सगळं फोनवर सांगितलं, एक सोडून. ते तोंडानं सांगवणार नाही.

बाकावरच्या नऊ जणांत मी नव्हतो. तात्यांची पिशवी धरून मी दाराशी उभा होतो. सिस्टरबाईंनी मला वय विचारलं. मी चव्वेचाळीस सांगितलं.

त्यांना ते पटलं नाही. माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिल्या. तात्यांनी सगळं ऐकलं होतं. पोटच्या पोराचं वय बापाला माहीत नसतं का? पण ते बोलले नाहीत. त्या पुढं काही विचारणार, एवढ्यात उठून कागद वाचायला गेले आणि तुझ्या सहीचं कौतुक मोठ्यानं सांगू लागले. मला वाचवलं त्यांनी.

तुझ्या पत्रातला भित्रा तो मीच. लोभ मागायला तोंड नाही.

गुंड्या


दि. २२ एप्रिल

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तात्यांना पोचवायलाही मला येता आलं नाही. तू एकटाच होतास, तेवढं तुझ्या पदरात टाकते.

तुला शिव्या द्यायला बसले. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या, कारण प्रत्येक ओळीत मीच यायला लागले. त्या दिवशी बाटली उघडली असती तर काय झालं असतं? नऊ जणांना लस मिळाली असती आणि एक डोस फेकावा लागला असता. एक. तापापर्यंत तात्यांना तीन आठवडे मिळत होते. गुण यायला तेवढे पुरतात, हे मीच लोकांना फळ्यावर लिहून शिकवते. तो एक डोस वाचवणारी बाई तुझ्याहून शहाणी नाही. तू निदान घाबरून खोटं बोललास. मी न घाबरता, टाइप करून, खाली सही केली.

पाचही केंद्रांवर जाऊन कागद मी हातानं काढले. एक माणूस आला तरी उघडा, म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले की आकडे बिघडतील. मी म्हटलं, बिघडू देत.

साठा आला आहे. तू जा. यात विनंती नाही.

आक्का


दि. ११ मे

ती. आक्कास सा. न. वि. वि.

लस घेतली. वय एक्कावन्न सांगितलं. सिस्टरबाईंनी नुसतं लिहून घेतलं. रात्री थोडी कणकण आली आणि सकाळी गेली. एवढ्याचसाठी मी दाराशी उभा राहिलो होतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान बंद ठेवतो आणि घरोघर फिरतो. रिक्षा नाही, कर्णा नाही. दारात उभा राहून मी काय केलं ते सांगतो, खोट्या वयासकट. काही लोक तोंडावर हसतात. न्हाव्यानं तर गिऱ्हाइकांना माझी नक्कल करून दाखवली. दुसऱ्या खेपेला त्यानं आईला माझ्याबरोबर पाठवलं, स्वतः अजून येत नाही. मी त्याच्या दारात उभा राहायचं सोडलेलं नाही. त्याला काय वाटत असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार?

काल मागच्या गल्लीत एक आजीबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं की तुझे वडील लस घेऊन गेले की न घेता. मी म्हटलं, घ्यायला गेले होते. त्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

कळावे. जमलं तर पुन्हा लोभ कर.

तुझा गुंड्या